दुखण्याचा जाब

लोणावळा-खंडाळ्याची ख्याती हवेची. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली आणि मुंबईच्या पैसेवाल्यांना हवापालटासाठी हक्काचं ठिकाण मिळालं. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी इथेच कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाला प्रयोगशाळेत नेऊन तपासायला सुरुवात केली. म्हणजे गेली दीडशे वर्षं लोक या टापूत प्रकृती सुधारायला येत आहेत. पण हा टापू ज्या मावळात आहे, त्याच मावळात अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातल्या ठाकर-कातकरी वस्त्या आहेत. तिथल्या बाईचं बाळंतपण आजही पाऊस किती, रस्ता कसा आणि गाडी मिळते का यावर ठरतं. घाटाचं काम चालू असताना कॉलऱ्याच्या साथीत जे मजूर मेले, त्यांच्यातल्या बहुतेकांची नावंही कुणी टिपून ठेवली नाहीत.

आजारपण आपण नशिबाच्या खात्यावर टाकतो, नाहीतर आजारी माणसाच्या निष्काळजीपणावर. बाईचं आजारपण तर दोन्हीकडे टाकतो आणि वर तिच्या ‘अंगावर काढण्याच्या’ सवयीला बोल लावतो. हेच दुखणं अन्याय म्हणून सर्वांसमोर मांडायचं आणि त्याचा जाब योग्य माणसाला विचारायचा, असं काम मराठी नाटकानं किती केलं? कुणी केलं? कुठे ते थांबलं? या लेखात तेवढंच पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. या नाटकांचा कस त्यांच्या विषयावरून लागत नाही. प्रश्न कुणाला विचारला यावरून लागतो. बाईला विचारला, की दवाखान्याला, सरकारला, मुकादमाला, घरच्या कर्त्याला?

सुरुवात पुण्यात, 1855 मध्ये. जोतीराव फुल्यांनी त्या वर्षी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं ते नाकारलं. पुढे ते छापून आलं 1979 मध्ये, म्हणजे तब्बल 124 वर्षांनी. या नाटकाची चर्चा बहुतेक वेळा भिक्षुकशाहीवरची टीका म्हणून होते आणि ती योग्यच आहे. पण नाटक जिथे घडतं ती जागा नीट पाहा. कुणब्याच्या घरात गर्भार बाई आहे. नवरा घरी नसताना जोशी येतो, ग्रहांचं भय घालतो, पोटातल्या जिवाला धोका असल्याचं सांगतो. त्या भीतीपोटी अनुष्ठान होतं, ब्राह्मणभोजन होतं आणि घर कर्जात बुडतं. गर्भारपणातली भीती हा इथे धंद्याचा कच्चा माल आहे. विदूषक मधेमधे येऊन हा व्यवहार प्रेक्षकांना उलगडून दाखवतो. शेवटी नवरा-बायको दोघंही फुल्यांच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. पोटातलं मूल जगेल की नाही या प्रश्नावर कोण पोट भरतं, असं विचारणारं हे नाटक आहे. गर्भारपणाच्या नावानं आज कुठे काय काय विकलं जातं, त्याच्याशी ताडून पाहिलं तर ते मुळीच जुनं वाटत नाही.

1855 मध्येच फुल्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या 14 वर्षांच्या मुक्ताबाईचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. बाळंत होताना या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे हाल होतात, हे तिनं त्यात मांडलं. हा निबंध आहे, नाटक नव्हे. तरी या आढाव्यात त्याला जागा हवीच. बाळंतिणीचं दुःख आणि जात यांचा सांधा मराठीत इतक्या लख्खपणे आधी कुणी दाखवला नव्हता. दाखवला तो त्या समाजातल्या मुलीनं, स्वतःच्या तोंडानं.

1897 च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या बायकांच्या वाट्याला रोग आला आणि रोगाबरोबर घरात घुसणारी तपासणीही आली. त्या साथीचा आपला इतिहास रँडच्या वधापाशी, म्हणजे 22 जूनपाशी येऊन थांबतो. त्याच साथीतल्या दोन बायका मात्र बाजूला राहतात. पंडिता रमाबाईंनी सरकारी प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारलाच जाब विचारला आणि त्याचे पडसाद थेट विलायतेपर्यंत उमटले. सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करतानाच प्लेगनं गेल्या, 10 मार्च 1897 रोजी. सुषमा देशपांडे यांनी 1989 मध्ये ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग उभा केला आणि ती सावित्रीबाई गावोगावी पोचवली. नेपथ्याचा पसारा नाही, एकच बाई समोरच्या बायकांशी बोलते आहे. शाळेच्या वर्गातही हा प्रयोग होऊ शकतो आणि देवळाच्या ओट्यावरही. आपल्याकडे बायकांच्या राजकीय नाटकाला नेहमी हाच आटोपशीरपणा लागला, कारण थिएटरचं भाडं आणि रात्री उशिरा घरी परतण्याची मुभा या दोन्ही गोष्टी बायकांकडे नव्हत्या.

प्रस्थापित रंगभूमीवर हा प्रश्न आडवाटेनं आला. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा पहिला प्रयोग डिसेंबर 1967 मध्ये ‘रंगायन’नं केला. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. खटला रंगत जातो तशी ती गरोदर असल्याचं उघड होतं आणि शेवटी तेच न्यायाधीश तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याचा हुकूम देतात. आधी गर्भ पाडल्याचा गुन्हा, मग गर्भ पाडण्याची शिक्षा. बाईच्या शरीरावर दोन्हीकडून हक्क सांगणाऱ्या समाजाचं असं नेमकं चित्र मराठीत दुसरं नाही. गर्भपाताला मुभा देणारा वैद्यकीय गर्भपात कायदा संसदेत झाला 1971 मध्ये, म्हणजे त्या प्रयोगानंतर चार वर्षांनी. तो कायदा नाटकामुळे झाला असं कुणी म्हणणार नाही. लोकसंख्या आणि असुरक्षित गर्भपात यांची चर्चा तेव्हा सरकारदरबारी आधीच सुरू होती. मात्र कायदा झाल्यानंतरही बेणारेसारख्या बाईला दवाखान्याच्या बाकावर ज्या नजरांना तोंड द्यावं लागतं, त्यांची तपासणी करायला आजही हे नाटक पुरेसं आहे.

र. धों. कर्व्यांकडे मराठी रंगभूमी फार उशिरा वळली. 1921 पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र, 1927 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, अश्लीलतेचे खटले आणि त्यांतल्या 1934 च्या खटल्यात वकील म्हणून उभे राहिलेले डॉ. आंबेडकर, एवढं सगळं नाट्य आयतं समोर असताना अजित दळवी यांचं ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आलं 2017 मध्ये. नाटक चांगलं आहे. तरी कर्व्यांचा विषय होता बाईचा स्वतःच्या शरीरावरचा अधिकार आणि रंगमंचावर कोर्टात भांडतात ते पुरुष, ही अडचण उरतेच. इतिहासच तसा घडला, याला नाटककार काय करणार, असं म्हणता येईल. पण कर्व्यांच्या केंद्रात आलेल्या बायका कोण होत्या, तिथून बाहेर पडताना त्यांच्या मनात काय होतं, हे नाटक कुणीतरी लिहायला हवं होतं. अजूनही हवं आहे.

मधल्या काळात रस्त्यावर आणि चाळींच्या अंगणात वेगळंच घडत होतं. 1975 मध्ये मुंबईत स्त्री मुक्ती संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यात स्त्री-मुक्ती परिषद भरली. 1983 मध्ये ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ आलं. लेखिका पेशानं ग्रंथपाल, कलाकार बहुतेक संघटनेतल्याच बायका. लोकनाट्याचा बाज, ओळखीच्या चाली, नेपथ्य जवळजवळ नाहीच. मुलगी जन्मल्यापासून तिच्या वाट्याला जे जे कमी येतं, ते दाखवत नाटक पुढे जातं. या नाटकाचे हजारो प्रयोग झाले आणि ते इतर भारतीय भाषांतही गेलं. समीक्षकांनी याला फार काळ प्रचारनाट्य म्हणून बाजूला ठेवलं, ही मला मराठी नाट्यसमीक्षेची मोठी चूक वाटते. ताटातलं दूध भावाला आणि बहिणीला ताक, ही गोष्ट पोषणाच्या अहवालात आकडा होऊन येते. रंगमंचावर ती आली की समोर बसलेली आई आणि आजी दोघीही अस्वस्थ होतात, कारण वाढणारा हात त्यांचाच असतो. तिथे प्रश्न घराला विचारलेला आहे आणि घराला तो चुकवता येत नाही.

हे नाटक आलं नेमक्या कोणत्या वेळी? गर्भजलपरीक्षेच्या धंद्यानं मुंबईत जोर धरला होता. आज थोडे पैसे खर्च करा, पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा, असा उघड हिशेब जाहिरातींमधून मांडला जात होता. स्त्री संघटना, डॉक्टर, वकील आणि विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते एकत्र आले, पथनाट्यं झाली, मोर्चे निघाले आणि 1988 मध्ये महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा आला 1994 मध्ये. तो कागदावरच राहिला, म्हणून 2000 मध्ये ‘सेहत’ ही संस्था, पुणे जिल्ह्यात काम करणारी ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. 2003 मध्ये कायदा सुधारला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. बीड जिल्ह्यात तर 807.

इथे एका वेगळ्या ‘प्रयोगा’ची नोंद घ्यायला हवी. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्या ‘लेक लाडकी अभियाना’नं गर्भलिंगनिदान करणारे डॉक्टर पकडून देण्यासाठी खऱ्याखुऱ्या गरोदर बायकांना पेशंट म्हणून पाठवलं. क्षणभर तो प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पाचव्या महिन्यातली बाई, बरोबर ‘नणंद’ किंवा ‘सासू’ म्हणून आलेली कार्यकर्ती, पर्समध्ये नंबर टिपून ठेवलेल्या नोटा. आधीच्या दोन मुलीच आहेत, घरचे बोलतात, हे वाक्य नेमकं कोणत्या आवाजात म्हणायचं, याची तालीम झालेली. एक शब्द चुकला तर समोरचा सावध होणार आणि अंगाशी येणार. प्रेक्षक एकच आणि त्याला हे नाटक आहे हे कळता कामा नये. पुढे त्याच बाईला कोर्टात साक्षीदार म्हणून उभं राहायचं. नाट्यशास्त्राच्या पुस्तकांत याला जागा नसेल, पण स्त्रियांच्या राजकीय नाटकाच्या महाराष्ट्रातल्या इतिहासात मी याला अगदी वरची जागा देईन. जाब ज्याला विचारायचा, त्याच्याच केबिनमध्ये जाऊन विचारलेला आहे.

एचआयव्हीच्या काळात सरकारी कागदांवर वेश्याव्यवसायातल्या बायकांना ‘हाय रिस्क ग्रुप’ हे नाव मिळालं. रोग यांच्याकडून पुरुषाला आणि पुरुषाकडून ‘घरंदाज’ बायकोला, असा बाण काढलेल्या आकृत्या प्रशिक्षणांत दाखवल्या जात. बाणाची सुरुवात नेहमी हिच्यापासून. हिला तो रोग कुणी दिला, हे विचारायची पद्धत नव्हती. सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’नं 1992 पासून या बायकांबरोबर काम सुरू केलं. 1996 मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’. तिच्या सभासदांनी सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनात ‘माय मदर, द घरवाली, हर मालक, हिज वाइफ’ हे नाटक केलं. स्वतःच्या आयुष्यातूनच संहिता घडवली आणि रंगमंचावरही स्वतःच उभ्या राहिल्या. नावातच चार नाती एका ओळीत बसवली आहेत: आई, घरवाली, मालक आणि त्याची बायको. दया दाखवणारी नाटकं आणि सिनेमे या बायकांवर आपल्याकडे भरपूर झाले. इथे त्यांना दया नकोच होती. दवाखान्यात हात न लावणारी नर्स, वस्तीवर धाड घालणारा पोलीस, ‘सुटका’ करायला आलेला समाजसेवक आणि रोज येणारा मालक हे सगळेच त्यांच्या प्रश्नाच्या टप्प्यात येतात. नट आणि पात्र यांत अंतर राहत नाही, मग अभिनयाला गुण कसे द्यायचे, हा समीक्षकाचा पेच मला मुळीच महत्त्वाचा वाटत नाही. समोर बसलेल्या आरोग्य अधिकाऱ्याला आपली आकृती चुकल्याचं कळलं की नाटकानं आपलं काम केलं.

असाच दुसरा प्रयोग 2012 मध्ये पुण्यात झाला. गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ हे जुनं नाटक अतुल पेठे यांनी पुणे महानगरपालिका कामगार युनियनच्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं. त्यामागे मुक्ता मनोहर यांचं युनियनमधलं दीर्घ काम होतं. शहराचं आरोग्य ज्यांच्या फुफ्फुसांवर आणि हातांवर उभं आहे, ती माणसं फुल्यांची गोष्ट सांगत होती. यात झाडूवाल्या बायका होत्या, पहाटे रस्ता झाडून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या. सार्वजनिक आरोग्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर येतो; खरं तर आधी झाडूवाली यायला हवी.

जगात याला भावंडं आहेत. जमैकात 1977 मध्ये ‘सिस्ट्रेन’ हा बायकांचा नाट्यगट जन्मला, तोही सरकारी रोजगार योजनेवर रस्ते झाडणाऱ्या बायकांमधून. त्यांचं पहिलं मोठं नाटक कोवळ्या वयातल्या बाळंतपणावर होतं. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलनं प्रेक्षकालाच रंगमंचावर बोलावून ‘तू इथे काय केलं असतंस?’ असं विचारायची पद्धत रूढ केली. 1993 ते 1996 या काळात तो रिओ द जानेरोचा नगरसेवक होता. नाटकांतून पुढे आलेल्या मागण्यांमधून त्यानं 13 कायदे करून घेतले आणि त्यांत रुग्णालयांमधल्या वृद्धांच्या उपचाराचाही एक होता. नगरपालिकेच्या सभागृहापर्यंत पोचणारं नाटक असंही असू शकतं, एवढ्यासाठी त्याचं नाव घेतलं.

आता आपल्याकडच्या पथनाट्याकडे येऊ, कारण गावाला आरोग्यावरचं नाटक बहुतेकदा याच रूपात भेटतं. बॅनर लावलेली गाडी येते, ढोलकी वाजते, चावडीपुढे पोरं जमतात. दारुडा नवरा, भोळी बायको, शहाणी ताई आणि शेवटी घोषणा. विषय वरून ठरून आलेला असतो: शौचालय, कुटुंबनियोजन, लोहाच्या गोळ्या, दवाखान्यातलं बाळंतपण. यातली माहिती खोटी नसते, कलाकारही मेहनती असतात, त्यातले कितीतरी मुळात तमाशाचे किंवा भजनी मंडळांचे गुणी लोक असतात आणि हेच काम त्यांची चूल पेटती ठेवतं. माझी तक्रार संहितेबद्दल आहे. तिच्यात प्रत्येक वेळी चूक बाईची असते. ती गोळ्या घेत नाही, दवाखान्यात जात नाही, पाळणा लांबवत नाही. गोळ्या उपकेंद्रात शिल्लक होत्या का, दवाखान्यात पोचायला गाडी होती का, पोचल्यावर डॉक्टर जागेवर होता का, नवऱ्याची नसबंदी का नाही, हे शहाणी ताई कधी विचारत नाही. तिला पाठवणाराच त्या प्रश्नांचा उत्तरदाता असतो, म्हणून.

हे प्रश्न विचारण्याची सोय 2007 नंतर महाराष्ट्रात वेगळ्या मार्गानं झाली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ संस्था राज्यभर तिचा समन्वय करत होती आणि पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे जिल्हा होता. तिचा गाभा म्हणजे जनसुनवाई. मांडवात एका बाजूला आरोग्य अधिकारी आणि पंच, समोर जमिनीवर गावकरी. एकेक बाई उठते आणि सांगते: अमुक रात्री कळा सुरू झाल्या, केंद्राला कुलूप होतं, खासगीत इतके रुपये गेले. अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं. संहिता, दिग्दर्शक, टाळ्या काही नाही. पण जागा, पात्रं, संघर्ष आणि निकाल, सगळं आहे. माझ्या मते आरोग्याच्या पथनाट्यानं जनसुनवाईकडून पुष्कळ शिकावं. आणि जनसुनवाईनंही नाटकाकडून एक गोष्ट घ्यावी: तालीम. माईक हातात आला की पहिल्यांदाच बोलणारी बाई गांगरते आणि समोरचा साहेब सराईत असतो.

काही दुखण्यांवर अजून पुरेसं नाटक झालेलंच नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 बायका तपासल्या. त्यांतल्या 92 टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. हा अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर गाजला. अंगावर पांढरं जाणं, कंबरदुखी, अंग बाहेर येणं यांसाठी आपल्याकडे घरगुती भाषा आहे, पण ती विहिरीच्या पुढे येत नाही. वंदना खरे यांनी 2009 मध्ये ‘योनी मनीच्या गुजगोष्टी’ मराठीत आणलं तेव्हा ही बंद भाषा शहरातल्या रंगमंचावर पहिल्यांदा मोकळेपणी ऐकू आली. मूळ नाटक अमेरिकेतल्या ईव्ह एन्स्लरचं असलं तरी त्यामागची दबलेली बोली आपलीच होती.

आणि पिशवीचं काय? बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या बायका ‘पिशवी काढली’ असं सहज सांगतात. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. त्यामागचं यंत्र नीट समजून घ्यायला हवं. नवरा-बायको मिळून एक कोयता, हंगामाआधी घेतलेली उचल, एक दिवस काम चुकलं की खाडा आणि त्याचा दंड. फडात ना आडोसा, ना पाणी, पाळीत बदलायला जागा नाही. जंतुसंसर्ग झाला की खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. ‘तृतीय रत्ना’तला जोशी इथे स्टेथोस्कोप लावून बसला आहे आणि कर्ज तेच आहे. समितीनंतर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर परवानगीचे निर्बंध आले. बातम्या झाल्या, अहवाल झाले. कोयता, उचल, मुकादम, डॉक्टर आणि कारखाना या सगळ्यांना एका रिंगणात उभं करणारं मोठं नाटक मात्र मराठीला अजून द्यायचं आहे.

अशा नाटकासाठी मावळाकडे स्वतःची सामग्री आहे. बायकांचा आवाज इथे कधीच गप्प नव्हता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकांच्या साथीनं पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यापासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 2017 पासून त्या ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. बाळंतपण, माहेर, सासुरवास, आईचं मरण हे सगळं त्यांत आहे. पहाटे जात्यापाशी बायका एकमेकींना जे सांगत, ते ऐकायला घरातला पुरुष जागा नसे. हा एकांत ही ओवीची ताकद होती आणि तिची मर्यादाही.

याच मावळात 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना बंद जलवाहिनीच्या विरोधात बऊरला द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला, त्यांत एक बाई होती. धरण मावळात, पाणी पिंपरी-चिंचवडला, असा हा वाद आपण शेतीचा म्हणून वाचतो. तो आरोग्याचाही आहे. डोक्यावरून पाणी आणणारी बाई किती अंतर चालते, पाळीच्या दिवसांत तिला अंघोळीला किती पाणी उरतं, जुलाबाची साथ कोणत्या वस्तीत आधी येते, हे सगळं त्याच पाण्याशी बांधलेलं आहे.

तळेगावजवळ औद्योगिक महामंडळाचं फुलशेती उद्यान आहे. व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात परदेशी जाणारे गुलाब इथल्या पॉलिहाउसमधून निघतात. खुडणी आणि प्रतवारी ही बायकांची कामं. प्लास्टिकच्या छताखाली कोंदट उष्मा असतो, फुलाला डाग चालत नाही, म्हणून औषधफवारणी सतत. यवतमाळमध्ये 2017 साली उघड्या कपाशीच्या शेतात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. बंदिस्त छताखाली रोज आठ तास काम करणाऱ्या बाईला किती विष मिळतं, फवारणीनंतर किती वेळानं तिला आत पाठवतात, ती गरोदर असेल तर काय, तिच्या त्वचेची आणि श्वासाची तपासणी कोण करतो? इथे नाटकाला दिव्यांचीही गरज नाही. एक बाई, एक गुलाब आणि हे चार प्रश्न पुरतात.

हे नाटक करील कोण? माझ्या डोळ्यांसमोर आशाताई येतात. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानात गावातल्या आरोग्य कार्यकर्तीचं हे पद जन्मलं. राज्यात त्या जवळपास 70,000 आहेत. नियमित पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. कोविडमध्ये घरोघरी ताप मोजत त्याच फिरल्या. जून 2021 मध्ये त्यांनी संप केला, 2023 च्या अखेरीस पुन्हा केला आणि पुढच्या वर्षी आझाद मैदानात ठाण मांडलं. कोणत्या घरात कुणाची पाळी चुकली, कुणाच्या अंगात रक्त नाही, कुणाला मार पडतो, कोणत्या महिन्यात गोळ्या आल्याच नाहीत, हे गावात सर्वांत आधी त्यांना कळतं. सरकारी पथनाट्य घेऊन त्या वस्त्यांवर जातातच. उभं राहून बोलायचा संकोच त्यांचा कधीच गेला आहे. तळेगावात ‘कलापिनी’सारखी जुनी नाट्यसंस्था आहे, पुणे तासाभरावर आहे, तालीम घेणारी माणसं मिळायला अडचण नाही.

जागा आणि दिवसही ठरलेलेच आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांना ग्रामसभा असते आणि त्याआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असा नियम आहे. टाकवे, कामशेत, पवनानगर अशा तीन ठिकाणांपासून सुरुवात करता येईल. आधी महिला सभेत बायकांसमोर खेळ करावा आणि त्या जे सुधारायला सांगतील ते सुधारावं. मग मोठ्या सभेत प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, ग्रामसेवक, सरपंच आणि पॉलिहाउसचे मालक यांना पुढच्या रांगेत बसायचं रीतसर पत्र द्यावं. खेळ संपल्यावर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे इतिवृत्तात लिहून घ्यावं आणि मगच सभा उठवावी.